सूज पायाला, गोळी हृदयाची

आंबेगाव तालुक्यातील कळंबहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे पंच्याहत्तरीच्या पुढचे. घरात सारे त्यांना आबा म्हणतात. हयात शेतीत गेली. गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळी त्यांचे पाय सुजू लागले, चपलेचा पट्टा रुतू लागला. दिवाळीनंतर रात्री एका उशीवर झोप येईना. दोन उशा लागू लागल्या. मध्यरात्री उठून ते ओट्यावर जाऊन बसत. कोणी विचारले, तर "वय झाले, दुसरे काय?" एवढेच उत्तर. अखेर सुनेने आग्रहाने तपासणी करवली. टूडी इको झाला. कागदावर 'डाव्या बाजूची झडप गळते' आणि 'ईएफ ४०' असे लिहून आले. गोळ्या सुरू झाल्या. त्यांतली सकाळची एक गोळी लघवी वाढवणारी आहे. ती आबा आठवड्यातून तीन-चार दिवस चुकवतात. कारण कामासाठी मंचरला जायचे असले की वाटेत पंचाईत होते.

पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "आबांचा एकच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मला देता येत नाही. ते म्हणतात, सूज पायाला आहे, तर गोळी हृदयाची कशाला?"

वाचकहो, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उलट, ज्याला कारण कळल्याशिवाय औषध घ्यावेसे वाटत नाही, अशा विचारी माणसाचा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल. पण ते पटायचे असेल, तर रक्त हृदयातून कोणत्या वाटेने जाते हे एकदा डोळ्यांसमोर आणले पाहिजे. आजचा लेख त्यासाठी आहे. घरातील ज्येष्ठांना तो मोठ्याने वाचून दाखवावा, अशी विनंती.

एका भिंतीची दोन घरे

आपली मूठ मिटा. आपले हृदय साधारण तेवढ्याच आकाराचे असते. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते. छातीच्या मध्यभागी, किंचित डावीकडे झुकलेले, दोन फुप्फुसांच्या मधोमध ते वसलेले असते. त्याभोवती दुपदरी हृदयावरण असते. दोन पदरांच्या मध्ये थोडासा द्रव असतो. त्यामुळे अहोरात्र हलत राहूनही हृदय आजूबाजूला घासत नाही.

आत चार कप्पे आहेत. वरचे दोन पातळ भिंतींचे. त्यांना अलिंद म्हणतात. खालचे दोन जाड भिंतींचे, ते निलय. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या काळी शाळेत शरीरशास्त्र वाचले असेल, त्यांना कर्णिका आणि जवनिका ही नावे आठवतील. कप्पे तेच, नावे तेवढी बदलली. अलिंद म्हणजे ओसरी: येणारे रक्त तेथे क्षणभर थांबते. निलय म्हणजे रक्त पुढे ढकलणारा खरा कप्पा.

उजवा आणि डावा यांच्यामध्ये एक अखंड पडदा आहे. निरोगी हृदयात उजवीकडचे रक्त या पडद्यातून डावीकडे जाऊ शकत नाही. म्हणून हृदय हे वस्तुतः एक यंत्र नसून एका भिंतीला लागून उभी असलेली दोन यंत्रे आहेत. उजवे यंत्र रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावे साऱ्या शरीराकडे. फुप्फुसे शेजारीच असल्याने उजव्या निलयाला जोर कमी लागतो. डाव्याला मात्र डोक्याच्या टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोचवायचे असते. म्हणून त्याची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते.

रक्ताची प्रदक्षिणा

आता आबांच्या पायाच्या अंगठ्यातून निघालेल्या रक्ताबरोबर चालू या.

अंगठ्यातील पेशींना प्राणवायू देऊन झाला आहे. रक्त आता काळपट लाल दिसते. बारीक शिरांतून मोठ्या शिरांत, पोटरीतून मांडीत, मांडीतून पोटात असे ते वर चढते. डोके आणि हात यांकडून येणारे रक्त वरच्या महाशिरेतून, तर पाय आणि पोट यांकडून येणारे खालच्या महाशिरेतून उजव्या अलिंदात उतरते. तेथून एका दारातून ते उजव्या निलयात जाते. निलय आकुंचन पावला की फुप्फुसधमनीच्या वाटेने ते दोन्ही फुप्फुसांत पोचते.

फुप्फुसांत केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचे जाळे असते. तेथे रक्त कार्बन डायऑक्साइड सोडते आणि श्वासातून आलेला प्राणवायू घेते. लालभडक झालेले हे रक्त फुप्फुसशिरांवाटे डाव्या अलिंदात येते, दुसऱ्या दारातून डाव्या निलयात उतरते आणि तेथून मोठ्या जोराने महाधमनीत फेकले जाते. महाधमनीला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या, आणि काही सेकंदांत ते पुन्हा आबांच्या अंगठ्यापाशी येऊन ठेपते.

एका ठोक्याला प्रत्येक निलय सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतो. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर मिनिटाला सुमारे ५ लिटर झाले. शरीरातील एकूण रक्तही सुमारे ५ लिटरच असते. म्हणजे विश्रांतीच्या वेळी साऱ्या रक्ताची एक प्रदक्षिणा मिनिटाभरात पुरी होते. दिवसाचा हिशेब केला, तर एक लाखाहून अधिक ठोके आणि सुमारे ७,००० लिटर रक्त. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर जवळजवळ पाऊण भरेल, एवढे काम ही मूठभर वस्तू रोज करते.

दारे एकाच बाजूला उघडतात

या वाटेवर चार दारे आहेत. त्यांनाच आपण झडपा म्हणतो. उजव्या अलिंद-निलयामध्ये तीन पाकळ्यांची त्रिदली झडप. डाव्या बाजूला दोन पाकळ्यांची द्विदली झडप, जिला डॉक्टर 'मायट्रल' म्हणतात. उजव्या निलयातून फुप्फुसधमनीत जाताना एक आणि डाव्या निलयातून महाधमनीत जाताना एक, अशा आणखी दोन झडपा. त्यांच्या पाकळ्या अर्धचंद्रासारख्या असतात.

झडपेला स्वतःची शक्ती नसते. मागून दाब आला की ती उघडते, पुढून दाब आला की मिटते. ज्यांच्या विहिरीवर मोटार आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो. मोटार चालू असताना तो पाणी वर येऊ देतो; मोटार थांबली की मिटून पाइपातले पाणी धरून ठेवतो. त्यात काडीकचरा अडकला किंवा त्याचे चामडे झिजले, की पाणी खाली गळून जाते आणि मोटार नुसती फिरत राहते. मोटार ठणठणीत असूनही शेतात पाणी पोचत नाही. हृदयाच्या झडपेचे काम आणि झडपेचा बिघाड, दोन्ही असेच समजावेत.

फरक एवढाच, की हृदयातील द्विदली आणि त्रिदली झडपांच्या पाकळ्यांना खालून बारीक, चिवट दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या दोऱ्या निलयाच्या आतील स्नायूंच्या उंचवट्यांना जोडलेल्या असतात. निलय जोराने आवळला, तरी पाकळ्या उलट्या वरच्या कप्प्यात जाऊ नयेत, म्हणून ही योजना. डॉक्टर छातीला नळी लावून जो 'लब-डब' आवाज ऐकतात, तो प्रामुख्याने या दारांच्या मिटण्याशी निगडित असतो. 'लब' हा अलिंद-निलयामधील दोन झडपा मिटतानाचा, 'डब' हा दोन्ही धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतानाचा. दार नीट मिटत नसेल किंवा नीट उघडत नसेल, तर या दोन आवाजांच्या जोडीला फुरफुर ऐकू येते.

झडप दोन प्रकारांनी बिघडते: ती आखडते, म्हणजे पुरती उघडत नाही, किंवा गळते, म्हणजे पुरती मिटत नाही. लहानपणी घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर होणारा संधिवाताचा ताप झडपांना कायमची इजा करून जातो. आपल्या देशात झडपांच्या आजाराचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून नातवंडांच्या घशाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये. उतारवयात महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियमचे थर साचून ती कडक होते. आणि कधी झडप स्वतः चांगली असते, पण निलय अशक्त होऊन फुगतो, चौकट रुंदावते आणि दाराच्या फळ्या एकमेकींना भिडेनाशा होतात.

बिघडलेली झडप काही रुग्णांत दुरुस्त करता येते, काहींत बदलता येते. तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीची कृत्रिम झडप तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. अनेक रुग्णांना मात्र शस्त्रक्रिया लागत नाही. औषधांनी हृदयावरचा भार हलका करून त्यांचे आयुष्य सुखाचे करता येते. कोणाला काय लागेल, हे तपासणीनंतर हृदयरोगतज्ज्ञच ठरवू शकतात.

फुगवटा

आता आबांच्या प्रश्नाकडे वळू.

कळंबच्या माणसाला घोड नदी ठाऊक आहे आणि घोड नदीवरचे डिंभे धरणही. हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव त्या जलाशयाला दिले आहे. धरणाची भिंत डिंभ्याला उभी राहिली. पण पाण्याखाली गेले ते भिंतीच्या मागे, वरच्या अंगाला असलेले जुने आंबेगाव, ज्याच्या नावाने आजही तालुका ओळखला जातो. पाणी अडले एका ठिकाणी आणि घरे बुडाली दुसऱ्या ठिकाणी. त्या मागे पसरलेल्या पाण्याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात.

शरीरातली सूज हाही एक फुगवटाच आहे. आपण मघाशी ज्या वाटेने रक्ताबरोबर पुढे गेलो, त्याच वाटेने आता उलटे मागे येऊ.

डावा निलय दुबळा झाला आहे आणि त्याच्या मागची द्विदली झडप गळते आहे. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त महाधमनीत जाण्याऐवजी मागे डाव्या अलिंदात परतते. अलिंदात दाब वाढतो. अलिंदाच्या मागे फुप्फुसशिरा, त्यांच्या मागे फुप्फुसे. तेथे दाब वाढला की केशवाहिन्यांतून पाणी झिरपू लागते आणि फुप्फुसे ओलसर, जड होतात. म्हणून चढ चढताना धाप लागते. फुप्फुसांच्याही मागे उजवा निलय. भरलेल्या फुप्फुसांत रक्त ढकलता ढकलता तोही थकतो. मग उजव्या अलिंदात तुंबारा, त्यामागे महाशिरांत तुंबारा, आणि त्यांच्या मागे यकृत, पोट आणि पाय. माणूस दिवसभर उभा किंवा बसलेला असतो, त्यामुळे पाणी सर्वांत खाली, घोट्यांपाशी साचते. अंगठ्याने नडगीवर थोडा वेळ दाबले, तर खळगा पडतो आणि तो हळूहळू भरतो.

यात मूत्रपिंडेही भर घालतात. हृदयाकडून त्यांना नेहमीइतके रक्त मिळेनासे झाले, की शरीरात पाणीच कमी आहे असे समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. धरण आधीच तुडुंब भरलेले, त्यात वरून आवक चालूच.

रात्री आडवे झाल्यावर पायांत साचलेले पाणी हळूहळू रक्तात परत येते आणि थकलेल्या हृदयापुढे जाऊन उभे राहते. म्हणून झोपल्यावर तासा-दोन तासांनी दम कोंडतो, उठून बसले की बरे वाटते, आणि उशांची संख्या वाढत जाते. आबांचे पाय आणि आबांच्या उशा या दोन निरनिराळ्या तक्रारी नाहीत. एकाच फुगवट्याची ती दोन टोके आहेत.

तर आबा, उत्तर असे: सूज पायाला आहे, पण पाणी अडले आहे हृदयापाशी. पाय चोळून ते ओसरणार नाही. लघवी वाढवणारी गोळी जादा पाणी बाहेर काढते, म्हणजे आपल्या धरणाचा दरवाजा उघडून विसर्ग करते. बाकीच्या गोळ्या हृदयावरचा दाब आणि ताण कमी करतात. विसर्ग तीन-चार दिवस बंद ठेवला, तर फुगवटा पुन्हा चढणारच. आणि तो पायांवर थांबेल, फुप्फुसांपर्यंत जाणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

'ईएफ ४०' म्हणजे काय?

सूनबाईंना या आकड्याची धास्ती वाटते, असे पत्रावरून दिसते. १०० पैकी ४०, म्हणजे हृदय निम्म्याहूनही कमी चालते, असा अर्थ अनेक घरांत लावला जातो. तो बरोबर नाही. डावा निलय पुरता भरल्यावर त्यात जेवढे रक्त असते, त्यातले शेकडा किती एका ठोक्यात बाहेर पडते, हे ईएफ सांगते. निरोगी हृदयही सगळे रक्त कधीच बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. तेव्हा ४० ची तुलना १०० शी नव्हे, ६० च्या आसपासच्या आकड्याशी करावी. हा आकडा कमी आहे, दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण घाबरून हातपाय गाळण्याजोगाही नाही. नियमित औषधांनी तो काही रुग्णांत सुधारतो. झडप गळत असेल, तर बाहेर पडणाऱ्या रक्तातले काही मागेही जात असते. म्हणून डॉक्टर केवळ या आकड्यावर विसंबत नाहीत, लक्षणे आणि झडपेची स्थितीही पाहतात.

आणखी एक गोष्ट लक्षात असावी. हृदयाच्या कप्प्यांतून दिवसरात्र रक्त वाहते, पण हृदयाच्या स्नायूचे पोषण त्या रक्तातून होत नाही. महाधमनी हृदयातून निघताच तिला पहिल्या दोन फांद्या फुटतात. त्या हृदयधमन्या हृदयाच्याच अंगावर पसरून त्याला रक्त पुरवतात. शिवाय डाव्या निलयाला हे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते. शांत असताना सुमारे ०.८ सेकंदाच्या प्रत्येक चक्रात निलय ०.३ सेकंद आवळलेले असतात आणि ०.५ सेकंद सैल. ठोके फार जलद झाले की आधी कमी होतो तो विसावा. हृदयधमनी एकाएकी बंद पडली, तर स्नायूचा तेवढा भाग मरू लागतो. तोच हृदयविकाराचा झटका.

घरात काय करावे

सांभाळ करणाऱ्यांसाठी काही गोष्टी क्रमाने सांगतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पूरक आहेत, पर्यायी नाहीत.

वजन रोज करावे. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, सारख्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहावा. तीन दिवसांत वजन २ किलोहून अधिक वाढले, तर ती अंगावर धरलेली चरबी नव्हे, साचलेले पाणी आहे. सूज डोळ्यांना दिसण्याआधी काटा हे सांगतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

उशा मोजाव्यात. काल दोन होत्या, आज तीन लागल्या, किंवा खुर्चीत बसून रात्र काढावी लागली, तर वाट पाहू नये. वृद्ध माणसे धाप लागते असे सांगत नाहीत; ती जिना चढणे बंद करतात, देवळापर्यंत जाणे बंद करतात आणि "जावेसे वाटत नाही" म्हणतात. बंद झालेल्या सवयींकडे लक्ष ठेवावे.

गोळी चुकवू नये, वेळ विचारून घ्यावी. बाहेर जायचे असेल त्या दिवशी लघवीची गोळी परत आल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. अनेकदा अशी सवलत मिळते. आबांची अडचण खरी आहे आणि ती संकोचाची आहे; त्यांना रागावून ती सुटणार नाही. गोळ्यांमुळे चक्कर येत असेल, तर तेही सांगावे. स्वतःहून मात्रा कमी-जास्त करू नये.

मीठ हात राखून. सर्व पदार्थ मिळून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान सपाट चमच्याहून कमी मीठ पोटात जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण यांतून ते नकळत जाते. सणासुदीची मासवडी वर्ज्य नाही, पण रश्श्यात मीठ बेताने पडावे. सैंधव मीठ हेही मीठच आहे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडाच्या आजारात ते घातक ठरू शकते, म्हणून विचारल्याशिवाय वापरू नये. पाणी किती प्यावे, हेही डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दुकानातून सहज मिळणाऱ्या अनेक वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि आटोक्यात आलेला हृदयाचा आजार पुन्हा उसळू शकतो. पायांच्या सुजेमागे 'गुडघ्याची गोळी' असल्याचे क्वचित नव्हे, वारंवार दिसते.

प्रत्येक सूज मात्र हृदयाची नसते. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तक्षय, रक्तदाबाच्या काही गोळ्या, एका जागी फार वेळ बसणे, अशी इतरही कारणे असतात. एकच पाय अचानक सुजला आणि दुखू लागला, तर शिरेत गुठळी असू शकते. तो पाय चोळू नये, तातडीने दाखवावा.

छातीवर दडपण, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, बसल्या जागी न थांबणारी धाप, गुलाबी फेस येणारा खोकला, शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. वृद्धांत, मधुमेहींत आणि स्त्रियांत झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. एकाएकी आलेला थकवा, घाम आणि धाप एवढेच लक्षण असते. 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा चघळण्यात गेलेला तास परत मिळत नाही. कळंबकरांना मंचरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. इतर वाचकांनी आपले जवळचे रुग्णालय कोणते आणि रात्री तेथे कसे पोचायचे, हे आजच घरात बोलून ठेवावे.

हाताच्या पाठीवरचा पुरावा

इतके सांगूनही आबा कदाचित म्हणतील, "हे सारे आत चालते; पाहिले कोणी?" त्यावर एक सोपी गोष्ट सुचवतो. तिच्यासाठी म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखा उत्तम हात नाही. कारण त्याच्या पाठीवर शिरा ठळक दिसतात.

आबांचा हात थोडा वेळ खाली सोडलेला असू द्या. शिरा फुगल्या की एक लांब, सरळ शीर निवडा. तिच्या बोटांकडच्या टोकावर आपले एक बोट हलकेच टेकवा. दुसऱ्या बोटाने त्या शिरेतील रक्त मनगटाच्या दिशेने वर सारा आणि ते दुसरे बोट उचला. शिरेचा तो तुकडा रिकामा, चपटा दिसेल. वरच्या बाजूला रक्त आहे, तरी ते खाली येत नाही. आता पहिले बोट उचला. खालून रक्त येईल आणि शीर क्षणात भरेल. एखादी शीर साथ देत नसेल, तर दुसरी घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हात अगदी हलका ठेवा. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातावर हे करू नये.

वरचे रक्त खाली का आले नाही? कारण शिरांतही लहान लहान झडपा असतात आणि त्या हृदयाकडेच उघडतात. इंग्लंडचे वैद्य विल्यम हार्वी यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह दाखवला. त्यापूर्वी युरोपात शतकानुशतके अशी समजूत होती, की रक्त यकृतात सतत नवे तयार होते आणि शरीरात मुरून जाते. हार्वींनी साधा हिशेब मांडला: हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त बाहेर टाकते, तेवढे साऱ्या शरीरातही नसते, मग इतके नवे रक्त येणार कोठून? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्यांतून शिरांत ते नेमके कसे जाते, हे त्यांना दिसले नव्हते. केशवाहिन्या इटलीचे मार्चेल्लो माल्पिगी यांना सूक्ष्मदर्शकाखाली १६६१ मध्ये दिसल्या. तोवर हार्वी हयात नव्हते. पण त्यांचा हिशेब बरोबर ठरला.

आबांच्या हातावर जे दिसेल, तेच त्यांच्या पायांतही चालू आहे. पायातले रक्त वर, हृदयाकडेच निघालेले असते. तेथे गर्दी झाली की ते वाटेत थांबते. सूज पायाला आणि गोळी हृदयाची का, याचा पुरावा असा त्यांच्याच शिरेत आहे.

ताई, हा प्रयोग संध्याकाळी, दिवेलागणीनंतर करा. त्या निमित्ताने आबांचा हात आपल्या हातात येईल. नाडीही पाहून घ्या; ठोके एकसारखे नसतील, मध्येच चुकत असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. आणि मंचरला जायचे असेल त्या दिवशी गोळी किती वाजता घ्यायची, ते डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर वजनाच्या आकड्याशेजारी आबांच्याच हाताने लिहवून घ्या. स्वतःच्या अक्षरात लिहिलेली वेळ माणूस सहसा चुकवत नाही.